मिठाने मरणारी गोगलगाय समुद्रात कशी?

तुम्ही विचारलंय की बागेतली बिनशंखी गोगलगाय चिमूटभर मिठाने मरते, मग समुद्रात गोगलगायी जगतात कशा आणि सापडतात कुठे.

हे मी सातवीत असताना थोरल्या काकांशी भांडले आहे. पंचवटीतलं जुनं घर, श्रावणातली झड, मोरीच्या कट्ट्यावर गोगलगायी. आजी मिठाची बरणी घेऊन आली. मी म्हटलं, अशा समुद्रातही असतात, पुस्तकात चित्र आहे. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "मिठाने विरघळते ती समुद्रात राहील? डोकं वापर." मी माडीवरून पुस्तक आणेपर्यंत विषय बदलला होता.

काकांचं चूक होतं. गोगलगाय विरघळत नाही, सुकते. तिच्या अंगातला रस कमी खारट, म्हणून वरचं मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं. समुद्रातलीचा रस जवळपास समुद्राइतकाच खारट, त्यामुळे पाणी ओढलं जायचं कारणच राहत नाही.

पुढे नोकरीसाठी मुंबईत होते तेव्हा वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीला गेले. शेवाळात आंब्याच्या कोयीएवढं काहीतरी, मळकट हिरवं, पाठभर पुटकुळ्या. दगडच वाटला. मग त्या दगडाने दोन शिंगं बाहेर काढली आणि तो चरायला लागला. पेरोनिया, समुद्रातली बिनशंखी गोगलगाय! मी तिथे अर्धा तास उकिडवी बसून होते. तिच्या पाठीवरही बारीक डोळे असतात.

तिचं कुळ ऑन्किडिइडी. लोक न्यूडिब्रँक या रंगीबेरंगी समुद्री गोगलगायींचेच फोटो टाकत बसतात, पण मला हे कुळ जास्त मोलाचं वाटतं. ह्या कुळातल्या गोगलगायी फुफ्फुसाने हवा घेतात. ओहोटीला बाहेर येऊन खडकावरचं, चिखलावरचं शेवाळ खरवडतात, भरती आली की बहुतेक फटीत शिरतात. खडकाळ किनारे, तिवरांचा चिखल, खाड्या हे त्यांचं घर, आणि जास्त प्रजाती उष्ण प्रदेशात. ज्या प्रजातीवरून कुळाचं नाव पडलं तिचं वर्णन निसर्गअभ्यासक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०० साली केलं; ती त्यांना बंगालात पाणकणीस या पाणवनस्पतीवर सापडली होती. पाणकणीस आपल्या नांदूरमध्यमेश्वरलाही आहे, पण ते गोडं पाणी, तिथे शोधू नका.

आणि हो, समुद्रातलीवर कोरडं मीठ टाकून बघू नका, तीही मरेल. खाडीतल्या प्रजाती पावसाळ्यात बरंच गोडं पाणी सोसतात, म्हणून वरचा हिशेब सगळ्यांना काटेकोर लागू नाही. फिलिपिन्समध्ये तर या कुळातली एक डोंगरातल्या जंगलात राहते.

काकांना फोटो दाखवला. म्हणाले, "हा दगड आहे." तेव्हा फोटोवर वाद घालू नका, माणसाला खडकावर घेऊन जा. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईची मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास असते. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलात तर भरतीच गाठाल. आदल्या रात्री मुक्कामाला जा. पावसाळा संपला की मी काकांना तसंच नेणार आहे.