नियम आपला, भाजी इथली

प्रिय ईरा,

तुझा मेसेज वाचला. "आई, संक्रांतीला तीळगूळ खायचा कारण थंडी असते, असं तू मला लहानपणापासून सांगत आलीस. पण मेलबर्नमध्ये जानेवारीत चाळीस डिग्री असतं. मग आपल्या सणांच्या पदार्थांना इथे काही अर्थ उरतो का? आणि तुझा सगळ्यांत आवडता सण कुठला? दिवाळी म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात." फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. शिवाय दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं.

तुझी शंका रास्त आहे. आपल्याकडे पौषात, म्हणजे जानेवारीत, साताऱ्याकडे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. खरिपाचे तीळ आणि बाजरी घरात आलेली असते, गुऱ्हाळं पेटलेली असतात, बाजारात नवा गूळ येतो. त्या दिवसांत तिळाची स्निग्धता अंगाला हवीच असते. इथे मात्र त्याच सुमाराला दिवस लहान व्हायला लागलेले असतात. सूर्य उत्तरेकडे निघाला म्हणून तिकडे आनंद, आणि आपल्यापासून तो दूर चाललेला. तेव्हा "थंडीत ऊब मिळावी म्हणून" हे कारण मेलबर्नमध्ये टिकत नाही. ते मी इथे पुन्हा सांगणार नाही.

पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते, ती आठव. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं आजी दरवर्षी म्हणते. भोगीच्या भाजीत काय पडतं? ओला हरभरा, पावटा, वालपापडी, गाजर, वांगी, ओल्या शेंगांचे दाणे, बोरं, उसाचे करवे, आणि वरून तिळाचं कूट. सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ही यादी कुणी पोथीतून काढलेली नाही. त्या आठवड्यात शिवारात जे जे उभं असतं ते सगळं एका कढईत आणलेलं आहे. म्हणून मी इथे भोगीला फ्रोझन पावटे आणत नाही. जानेवारीत इथे वांगी आणि फरसबी ऐन बहरात असतात, कोवळी मक्याची कणसं असतात, झुकिनी तर शेजारीपाजारी वाटून संपत नाही. त्यांचीच भाजी तिळाच्या कुटात करते. तुझ्या आत्याला ते पटत नाही, भोगीला झुकिनी कशी, असं ती म्हणते. मला वाटतं, भोगीला मेलबर्नच्या शेतातलं सोडून दुसरं काही घालणं हेच भोगीला सोडून आहे.

तीळगूळ मात्र ठेवला आहे. तो हातावर ठेवताना आपण "गोड बोला" म्हणतो, आणि ज्यांच्याशी वर्षभरात धुसफूस झाली त्यांच्याकडेही जातो. त्याला थर्मामीटर लागत नाही. गुळाची पोळी मी जुलैत करते. तेव्हा इथे खरी थंडी असते, आणि तुपासोबत ती तेव्हाच पोटाला झेपते.

आता उपवासाचं घे. एकादशीला धान्य खायचं नाही, हा नियम. त्यातून साबुदाण्याची खिचडी आली, वरीचे तांदूळ आले, रताळी आली, आणि "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हणही आली. तू म्हणशील, ही तर आपली अगदी जुनी परंपरा. पण खिचडीतले जिन्नस बघ. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिकडचाच, आणि मिरचीही अमेरिका खंडांतलीच. कोलंबस 1492 साली अमेरिकेला पोचला, त्यानंतर पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून ही पिकं हळूहळू आपल्याकडे आली. ज्ञानेश्वर 1296 साली समाधिस्थ झाले. त्यांच्या काळातल्या वारकऱ्यांची एकादशी या खिचडीवाचून, मिरचीवाचून पार पडत होती. नियम तेव्हाही होता, ताट वेगळं होतं. आज ही खिचडी इतकी आपली झाली आहे की आषाढीला ती नसेल तर घराला चुकल्याचुकल्यासारखं होतं. हे मला फार आवडतं. समुद्रापलीकडून आलेला कंद आपल्या पूर्वजांनी उपवासाला चालवून घेतला, त्यावर तूपजिऱ्याची फोडणी घातली आणि देवासमोर ठेवला.

आपल्या सणांकडे तू आता या बाजूने बघावंस असं मला वाटतं. "काय करायचं" यापेक्षा "काय करायचं नाही" यातून आपले कितीतरी सुंदर पदार्थ निघाले आहेत. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर धरायचा नाही. श्रावणात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर पडतात, आणि नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मेल्याची कहाणी बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. मग त्या दिवशी खायचं काय? सुरी नाही, कढई नाही, तवा नाही. उरली वाफ. कणकेच्या पुरीत पुरण भरून चौकोनी घडी घालायची आणि चाळणीवर उकडायची. हे दिंड. तूप सोडून खायचे. कोकणात त्याच दिवशी हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, तांदळाची पिठी, आत नारळ आणि गूळ. पातोळ्यांसाठी मी हळद कुंडीत लावून बघते आहे, पण मेलबर्नच्या हिवाळ्यात तिची पानं सुकून जातात आणि नागपंचमी नेमकी तेव्हाच येते. दिंडांना काही अडत नाही. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, कणीक, सगळं इथे मिळतं.

चातुर्मासाची गंमतही अशीच. चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य, म्हणून तो सुरू होण्याआधी आषाढातल्या नवमीला कांद्याचे जमतील तेवढे प्रकार करून घ्यायचे. ही कांदेनवमी. बाहेर पाऊस आणि घरात कांदाभजी. ती जून-जुलैत येते, म्हणजे इथल्या गारठ्यात, त्यामुळे आपल्या सणांपैकी मेलबर्नला सगळ्यांत चपखल बसणारा हाच. आणि मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, की वांग्याची सुटका. इतक्या महिन्यांनी खाल्लेल्या त्या भरताची चव पाळणाऱ्यालाच कळते. आपण चातुर्मास पाळत नाही, पण तुझी आजी पाळते, आणि त्या दिवशी तिचा फोन आला की पहिला विषय भरीत असतो.

पाडव्याचं श्रीखंड, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, कोजागिरीचं मसाला दूध, होळीची पुरणपोळी आणि तिच्या कटाची आमटी, गणपतीचे उकडीचे मोदक, दिवाळीचं फराळाचं ताट हे सगळं तुला पाठ आहे. त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. एकच सांगते, तुझ्या मैत्रिणींना "मराठी लोक सणाला शाकाहारीच असतात" असं सांगू नकोस. आपल्या घरी तसं आहे, आणि पुष्कळ घरी नैवेद्याचं ताट तसंच असतं. पण कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो, आणि तो तितक्याच भक्तीचा असतो.

आता माझा आवडता सण. ऋषिपंचमी. तू नाव ऐकलं असशील, पण गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी येते म्हणून मोदकांच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या दिवशीचा नियम असा, की बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही. बैलाने फिरवलेल्या घाण्याचं म्हणून तेलही नाही. जे परसात आपल्या हाताने लावलं, जे कुंपणावर आपोआप चढलं, जे रानात उगवलं, तेवढंच. अळू, लाल भोपळा, माठ, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, अंबाडी. सगळं एकत्र शिजवायचं, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं आणि वर लोणी. फोडणी नाही, मसाला नाही, तरी प्रत्येक घासाला वेगळी भाजी लागते. सोबत देवभात, न नांगरता उगवलेल्या तांदळाचा.

आणि ती येते कधी? राज्याच्या बऱ्याच भागात श्रावणाच्या अमावास्येला पोळा असतो. (आमच्या साताऱ्याकडे त्याआधीच, बेंदूर.) बैलांना आंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, अंगावर झूल टाकायची, त्यांना पुरणपोळीचा घास भरवायचा आणि त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. एकदा त्याला गोड खाऊ घालायचं, आणि मग एक दिवस त्याच्या कष्टाचं न खाता राहून बघायचं. हे दोन दिवस मला एकमेकांना जोडलेले वाटतात. ज्याच्या जिवावर वर्षभर जेवतो त्याची आठवण ठेवायला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

तू आता मोठी आहेस, म्हणून दुसरी बाजूही सांगते. ऋषिपंचमीचं व्रत बायकांनी करायचं ते मासिक पाळीतल्या विटाळाचं पाप फिटावं म्हणून, असं त्याच्या कथेत आहे. मला ते मान्य नाही. पाळीत पाप नाही, आणि तुला ते कुणी कधी शिकवू नये. मी कथा सोडली आणि भाजी ठेवली. काही बायका म्हणतात की कथेशिवाय व्रत होत नाही. न होऊ दे. बैलाचा नियम मला पुरेसा आहे.

इथे तू मला लगेच विचारशील, मी ओळखते तुला. ऑस्ट्रेलियात बैल नांगर ओढतच नाही, सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे सुपरमार्केटमधलं सगळंच चालेल की! शब्दांवर बोट ठेवलं तर चालेल. पण मी नियमाचा अर्थ असा घेते, की त्या दिवशी दुसऱ्याच्या श्रमाचं कमीत कमी खायचं. सुपरमार्केटमधली प्रत्येक जुडी कुणीतरी वाकून काढलेली असते, पुष्कळदा दूरदेशाहून हंगामी कामाला आलेल्या माणसांनी. म्हणून ऋषिपंचमीला मी मागच्या अंगणातलंच घेते. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे सिल्व्हरबीट, म्हणजे पालकासारखी मोठ्या पानांची भाजी, असतं, वाटाण्याच्या कोवळ्या शेंगा असतात, थोडा पाला असलेले मुळे असतात, आणि शरद ऋतूत काढून गॅरेजमध्ये ठेवलेला एखादा केंट भोपळा असतो. अळूच्या जागी सिल्व्हरबीट घातलं की भाजीला तसाच मऊ दाटपणा येतो. खोबरं आणि चिंच विकतची, ते मला टाळता येत नाही. तांदूळही विकतचा, म्हणून त्या दिवशी मी भात करत नाही, नुसती भाजी वाटीत घेऊन खाते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे, की आपण जिथे राहतो तिथला जिन्नस घ्यावा आणि नियम जपावा. उन्हाळ्यात संक्रांत आली म्हणून ती खोटी होत नाही. फक्त ताट तिथलं हवं.

तुझ्या खोलीत अंगण नाही हे मला माहीत आहे. पण खिडकीत कोथिंबीर आणि मिरचीचं रोप लावलं आहेस ना, तिथूनच सुरुवात कर. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी एवढं लक्षात ठेव. भोपळा आणि मुळा आधी घाल, कारण त्यांना वेळ लागतो. ते अर्धे शिजले की वाटाणे, आणि पाला सगळ्यांत शेवटी. पाणी अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नको, भोपळ्याला स्वतःचं सुटतं. चिंच भाजी शिजल्यावरच घाल, आधी घातलीस तर वाटाणे टणक राहतील. सिल्व्हरबीटचे पांढरे देठ टाकून देऊ नकोस, बारीक चिरून भोपळ्याबरोबर घाल. लोणी बिनमिठाचं आण. आणि ऋषिपंचमीच्या आठवड्यात घरी येणार असशील तर आधी कळव, म्हणजे वाटाण्याच्या शेंगा मी तुझ्यासाठी वेलावर ठेवीन.

तुझी,
आई