स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी भावाचं वजन वाढलंय, गोळ्या बंद करतो म्हणतोय. काय करावं?

अचानक बंद करू देऊ नका, आजार उलटतो. आणि हा त्याचा आळस नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन या गोळ्या भूकच वाढवतात. वजन, कंबर, साखर तपासून घ्या. औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा. अरिपिप्राझोल या गोळीने सहसा वजन कमी वाढतं, काहींना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडून देतात.

खरं दुखणं वेगळंच असतं. आमच्या सोलापुरात ‘काय रे, सुटलास की!’ हे लोक प्रेमानेच म्हणतात. लग्नात ते ऐकल्यापासून माझ्या धाकट्या भावाने सिद्धेश्वर तलावावर फिरायला येणंच सोडलं. जुने शर्ट पोटावर ताणायचे. मापाचे दोन नवे घेतले, तेव्हा कुठे बाहेर पडला. भाकरी-शेंगाचटणी चालूच आहे. कोल्ड्रिंक मात्र घरात सगळ्यांनीच सोडलं, त्याच्या एकट्याच्या ताटावर पहारा नको म्हणून.