वही माळ्यावरून खाली काढा, गुरुजी

(बार्शीहून एका शिक्षक-पालकांनी लिहिलं आहे. मुलगा बारावी सायन्स, ६१ टक्के, सीईटीला ७९ पर्सेंटाइल. दुपारभर मित्राच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो आणि कोणत्या फोनवर कोणतं ॲप चालतं याची वही ठेवतो. ती वही वडिलांनी माळ्यावर टाकली आहे आणि मुलगा वाया गेल्याचा पुरावा म्हणून तिच्या दोन पानांचे फोटो मला पाठवले आहेत. विचारतात : एक वर्ष ड्रॉप देऊन लातूरला क्लास लावू का? कॉम्प्युटर ब्रँच मिळाली नाही तर काय?)

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या तीन पानी पत्रात मुलाच्या गुणांना एक ओळ मिळाली आहे आणि ‘स्टाफरूममध्ये काय तोंड दाखवू’ हे वाक्य दोनदा आलंय. सहकाऱ्याच्या मुलीचे ९६ पर्सेंटाइल तर तीनदा. मुलाला स्वतःला काय करायचंय, ते मात्र शोधून सापडलं नाही. मला काळजी वाटते ती याची. ७९ची मुळीच नाही.

मुख्याध्यापकांच्या फोनचा प्रसंग तुम्ही तक्रार म्हणून लिहिलात. त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली एका ॲपची फाइल बसवायचा प्रयत्न केला, ती बसेना. तुमचा मुलगा म्हणाला, “प्रोसेसर ६४-बिटचा आहे, पण कंपनीने अँड्रॉइड ३२-बिटचं टाकलंय. दुसरी फाइल लागेल.” तुम्ही चारचौघांत त्याला म्हणालात, “जास्त शहाणपणा शिकवू नको.”

गुरुजी, तो बरोबर होता.

प्रोसेसर एका दमात किती माहिती हाताळतो, त्यावरून ३२-बिट (जुनी पद्धत) आणि ६४-बिट (नवी) असे प्रकार पडतात. अँड्रॉइड ॲपचा पुष्कळसा भाग कोणत्याही प्रोसेसरवर चालतो. पण गेम, व्हिडिओ, कॅमेरा अशा ॲपमध्ये काही तुकडे थेट प्रोसेसरच्या बोलीत लिहिलेले असतात. जुन्या एआरएमचा (बहुतेक फोनमधल्या प्रोसेसरची रचना) तुकडा वेगळा, ६४-बिट एआरएमचा वेगळा, इंटेलचा आणखी वेगळा. गुगल प्लेने ऑगस्ट २०१९पासून अशा ॲपना ६४-बिट तुकडा सक्तीचा केला. ऑगस्ट २०२१पासून नव्या ॲपचा सगळा गठ्ठाच प्लेकडे द्यावा लागतो आणि कोणत्या फोनला कोणता तुकडा पाठवायचा ते प्लेच ठरवतं. म्हणून तुम्हा-आम्हाला हे कधी कळतच नाही. फाइल हाताने निवडायची वेळ आली की कळतं. त्यातही स्वस्त, एक-दोन जीबी रॅमच्या बऱ्याच फोनमध्ये मेमरी वाचावी म्हणून ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट अँड्रॉइड चालवतात. खोक्यावर छापलेलं वाचून इथे भलेभले फसतात. उलट बाजूने, २०२२च्या पिक्सेल ७पासून असेही फोन आलेत, जे जुनं ३२-बिट ॲप घेतच नाहीत. यातलं बरंच तुमच्या मुलाने कुणी न शिकवता, फोन हाताळून, वहीत रकाने पाडून टिपलंय. हीच वही तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या मुलाने दाखवली असती, तर तुम्ही विज्ञान प्रदर्शनात टेबल दिलं असतंत.

आता लातूर. लातूरबद्दल माझी तक्रार नाही. स्वतःहून जाणारी मुलं तिथे जिवापाड मेहनत करतात. पण तुमच्या अख्ख्या पत्रात ‘तो पुन्हा परीक्षा द्यायला तयार आहे’ असं कुठेही नाही. वडिलांच्या हट्टापायी ड्रॉप घेतलेली मुलं माझ्यासमोर दरवर्षी बसतात. त्यातल्या अनेकांचे गुण फारसे वाढलेले नसतात आणि घरात बोलणं बंद झालेलं असतं. माझं उत्तर नाही असं आहे.

‘कॉम्प्युटर नाही मिळालं तर सॉफ्टवेअर संपलं’ हा समज मला जवळजवळ प्रत्येक पालकाकडून ऐकायला मिळतो, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तर तो सपशेल चुकीचा आहे. त्याची आवड ॲपचे रंग आणि बटणं यांत नाही. हा प्रोसेसर या प्रोग्रामचं का ऐकतो आणि त्याचं का ऐकत नाही, हे त्याला जाणून घ्यायचंय. तो विषय इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर यांच्या बांधावर आहे. मायक्रोप्रोसेसर आणि एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर) ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या, मुलांनाही शिकवतात, प्रोग्रामिंग तर शिकावंच लागतं. आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘वेगा’ हे प्रोसेसर बनवले, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर. नव्या रचनेचा प्रोसेसर आला की जुनं सॉफ्टवेअर त्याच्या बोलीत आणावं लागतं. ते काम करणाऱ्याला दोन्ही बाजू कळाव्या लागतात. ब्रँचच्या नावाने तिथे कुणी अडवत नाही, सी भाषा कच्ची असली तर मात्र अडतं.

बाकी वाटा तुम्हाला माहीतच आहेत : कॅप राउंडमध्ये (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांत) ई अँड टीसी आणि कॉम्प्युटर दोन्ही भरा, नाहीतर बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स; इंजिनिअरिंगनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा एम्बेडेडचा डिप्लोमाही आहे. कॉलेज घराजवळचं असलं तरी चालेल, लॅब उघडी असते का ते मात्र तिथल्या मुलांना विचारा. आणि ऑप्शन फॉर्म त्याला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, माउस त्याच्या हातात.

चिरंजीवांसाठीही एक कडक सूचना आहे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कुठूनही उतरवलेल्या, फुकटात ‘प्रीमियम’ म्हणवणाऱ्या फाइली बसवायच्या नाहीत. त्याच फोनमध्ये त्या माणसाची बँक असते. प्रयोग स्वतःच्या जुन्या फोनवर करायचे. आणि पुढची सुट्टी सी भाषेला द्यायची, यात सवलत नाही.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या पानाच्या तळाशी त्याने लिहिलंय : ‘आसुस झेनफोन ५, इंटेल. एआरएमची फाइल चालली. कशी???’ तो २०१४चा फोन. इंटेलने अशा फोनमध्ये एक दुभाष्या बसवला होता, एआरएमच्या सूचनांचं चालता चालता इंटेलच्या बोलीत भाषांतर करणारा. त्या दुभाष्याचं नाव हुडिनी, एवढंच त्याला सांगा. पुढचं तो शोधून लिहील, फक्त त्याआधी वही त्याच्या हातात द्या.