लेदरची लाँजरी घ्यायचीय? आधी उलट्या बाजूचा फोटो मागव

लातूरची एक मैत्रीण विचारायलीय की लग्नाच्या वाढदिवसाला लेदरचा सेट घ्यायचाय, ऑनलाइन एक स्वस्तातला दिसायलाय अन् दुसरा त्याच्या पाच-सहा पट महाग, फोटोत दोन्ही सारखेच, तर कोणता घेऊ अन् घेतल्यावर धुवायचा कसा. अगं, लाजत लाजत कशाला विचारतीस, लई जणींना हे विचारायचं असतं पण कुणाला विचारावं ते कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

स्वस्तातला बहुतेक पीयू असणार, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. एखाद्या प्रसंगापुरता घालायचा असेल तर खुशाल घे, वाईट काही नाही त्यात, फक्त दमट हवेनं तो थर कालांतरानं चिकट होतो नाहीतर पापुद्रे निघायला लागतात, अन् मग त्याला इलाज नाही. खरं लेदर ओळखायला लोक पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणतात, पण कोटिंग केलेल्या खऱ्या लेदरवरपण थेंब तसाच राहतो, त्यामुळं त्यावर जाऊ नको. विक्रेत्याकडून उलट्या बाजूचा अन् कापलेल्या कडेचा जवळून फोटो मागव. विणलेलं कापड दिसलं तर पीयू, बारीक लव असलेले धागे दिसले तर बहुधा कातडं. अस्तर लावून सगळं झाकलेलं असेल तर पट्ट्याची कड दाखवा म्हण.

कातड्यात मेंढीचं नॅपा, म्हणजे मऊ गुळगुळीत लेदर, सगळ्यात मऊ, अंगाला छान बसतं पण ओढाताणीत लवकर फाटतं. माझं मत विचारशील तर बकरीचं घे, पातळ असून दमदार असतं. (आपल्याकडची उस्मानाबादी शेळी मटणाला तर आहेच, पण तिचं कातडंही चांगलं मानतात.) अंगालगतच्या कपड्याला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली, गाई-म्हशीचं जाड लेदर फक्त पट्टे अन् बेल्टला ठीक.

आता मापाचं, इथंच पैसे वाया जातात. लेदर अंगाच्या उबेनं सैल पडतं पण इलॅस्टिकसारखं परत आवळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी जरा घट्ट, पण श्वास मोकळा, असं पाहिजे. पुढं लेदर अन् पाठीला, बाजूला इलॅस्टिक किंवा दोरी असलेलं डिझाइन घे, पोट-छाती महिन्याच्या दिवसांत कमीजास्त होते तेव्हा तेवढी जागा मिळते. अन् शिवण उसवून अल्टर करू म्हणशील तर नको, लेदरला सुईची भोकं कायमची राहतात. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंच्या मशिनवर ते चालतपण नाही, त्याला वेगळी सुई लागते. पट्टा लांब वाटला तर नुसता पट्टा काढून चप्पल दुरुस्तीवाल्या दादांकडं ने, ते पंचनं एक भोक पाडून देतात, बाकीचा सेट कुणाला दाखवायची गरजच नाही.

पँटीला आतून सुती अस्तर असलंच पाहिजे, यात तडजोड नको. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, घाम साचला की जांघेत नायटा व्हायला वेळ लागत नाही, म्हणून हे तासाभराचं लेणं समज, दिवसभर घालायची वस्तू नव्हे. वॅक्सिंग केलं त्या दिवशी तर नकोच. बरंच लेदर क्रोमियम वापरून कमावलेलं असतं, काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. युरोपात तर २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या लेदरमध्ये ‘क्रोमियम-६’ या क्रोमियमच्या घातक प्रकाराचं प्रमाण किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. हुकातल्या निकेलचाही काहींना त्रास होतो. खाज किंवा पुरळ आलं तर लगेच काढ अन् स्किनच्या डॉक्टरला दाखव.

रंग जातो का तेपण बघ, ओला पांढरा रुमाल आतून घासायचा. काळा अन् लाल विशेष करून.

धुण्याचं म्हणशील तर धुवायचंच नाही. मशीन नको, बादली नको, साबण तर अजिबात नको, लेदर किंचित आम्ल असतं अन् साबण अल्कली, त्यानं ते कडक पडतं. काढल्या काढल्या घाम वाळायच्या आत, घट्ट पिळलेल्या मऊ कापडानं आतून-बाहेरून पुसायचं, अस्तर तेवढं नीट पुसायचं, अन् रात्रभर खोलीतच पंख्याखाली सपाट पसरून ठेवायचं. एकत्र कुटुंबात गच्चीवर वाळत घालायची अडचण असते ना, ती इथं आपोआप सुटते, कारण ऊन लेदरला चालतच नाही. इस्त्री अन् हेअर ड्रायरपण नको. खोबरेल लाव म्हणणारे भेटतील, ऐकू नको, डाग पडतात अन् वास मारायला लागतो. बिनरंगाचं लेदर क्रीम वाटाण्याएवढं, तेही वर्षातून दोन-तीनदा, आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघायचं. स्वेडला, म्हणजे वरून लव असलेल्या लेदरला, क्रीम लावायचं नाही, नुसता मऊ ब्रश.

पावसाळ्यात जपावं लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की बुरशी आलीच. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाक, बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच, अन् बकलांना कागद गुंडाळ म्हणजे वळ उठत नाहीत. घडी करू नको, घडीवर चिरा जातात. अधूनमधून बाहेर काढून हवा दे. पांढरी बुरशी दिसलीच तर खिडकीशी नेऊन कोरड्या कपड्यानं पूस अन् तो कपडा लगेच गरम पाण्यात टाक, नाहीतर कपाटातल्या साड्यांनाही लागायची.

बजेट कळव अन् दोन्ही सेटच्या उलट्या बाजूचे फोटो आले की टाक इथं, बघून सांगते.