वाचकांचे प्रश्न: एमआरआयच्या फॉर्मवरचं 'मॅक्रोसायक्लिक' आणि कुकरातला पालक

प्रश्न: सर, पुढच्या आठवड्यात आईचा एमआरआय आहे, परळला. सही करायला जो फॉर्म दिला त्यावर 'मॅक्रोसायक्लिक गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट' असं लिहिलंय. नेटवर बघितलं तर गॅडोलिनियम विषारी म्हणतात. मग विषारी आहे तर शिरेतून देतात कशाला? आणि मॅक्रोसायक्लिक म्हणजे नक्की काय प्रकरण?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नेटवर वाचलंत ते खोटं नाही, अर्धवट आहे. कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, आणि गॅडोलिनियम हा त्यातला धातू. मोकळा गॅडोलिनियम आयन (म्हणजे या धातूचा विद्युतभार असलेला अणू) खरंच घातक, कारण आकाराने तो कॅल्शियमच्या जवळपास असतो आणि शरीरात जिथे कॅल्शियमचं काम चालतं तिथे जाऊन अडकून बसतो. पण त्याच्याकडे जोडीदार नसलेले 7 इलेक्ट्रॉन आहेत, त्यामुळे तो भलताच चुंबकीय, आणि त्याच्या आसपासच्या पाण्याचा सिग्नल एमआरआयमध्ये उजळ दिसतो. म्हणून तो हवा तर असतो, पण मोकळा सोडायचा नसतो, कुठल्यातरी रेणूने त्याला घट्ट धरून ठेवायचं आणि काम झालं की तसाच लघवीवाटे बाहेर काढायचा.

आता धरणारे रेणू दोन जातीचे. एक सरळ साखळीचे, दुसरे मोठ्या रिंगचे, तेच मॅक्रोसायक्लिक. रिंगवाल्यांत डोटा नावाचा रेणू प्रसिद्ध आहे. 12 अणूंची रिंग, त्यात 4 नायट्रोजन, आणि प्रत्येक नायट्रोजनला एकेक हात ज्याच्या टोकाला ऑक्सिजन. गॅडोलिनियम काही रिंगच्या भोकात बसत नाही हां, तेवढी जागाच नाही तिथे, तो रिंगच्या वर बसतो, खालून 4 नायट्रोजन आणि वरून 4 ऑक्सिजन. नववी जागा पाण्याच्या एका रेणूसाठी रिकामी, आणि तिथलं पाणी सतत आत-बाहेर बदलत राहतं म्हणूनच आसपासच्या सगळ्या पाण्यावर परिणाम होतो. मला विचाराल तर ही नववी जागाच सगळ्यात हुशारीची.

मग साखळीवाला डीटीपीए पण 8 ठिकाणीच धरतो, फरक काय? पकड रिंगची जास्त आहेच, पण खरा मुद्दा सुटायला किती वेळ लागतो हा. साखळी एका टोकाकडून सुटत जाते, बॅगेची चेन उघडावी तशी. रिंगला टोकच नाही, एक नायट्रोजन जरा सैल झाला तरी बाकीचे त्याला लांब जाऊ देत नाहीत. तीव्र ॲसिडमध्ये टाकून बघितलं तर साखळीवाले काही मिनिटांत धातू सोडतात, डोटा कित्येक तास दाद देत नाही.

रिंगची ही ताकद 1969 मध्ये कॅबिनेस आणि मार्जेरम यांनी तांब्यावर मोजून दाखवली होती. तेच 4 नायट्रोजन, फक्त साखळीऐवजी रिंगमध्ये, आणि पकड जवळपास 10,000 पट. त्याआधी 1967 मध्ये पेडरसन या रसायनशास्त्रज्ञाने क्राउन इथर, म्हणजे धातूला मधोमध धरणाऱ्या ऑक्सिजनवाल्या रिंगा, छापले, त्यातला एक पोटॅशियमला बरोबर मापाचा. त्या कामासाठी त्याला 1987 चं नोबेल मिळालं, लेन आणि क्रॅमसोबत.

दवाखान्यात हा फरक उशिरा कळला. किडनी फार खराब असलेल्या काही पेशंटची कातडी जाड आणि कडक होत होती, त्याचा संबंध 2006 मध्ये गॅडोलिनियमशी लागला, आणि जास्त करून साखळीवाल्या औषधांशी. 2017 मध्ये युरोपने शिरेतून द्यायची बरीचशी साखळीवाली औषधं थांबवली, लिव्हरच्या स्कॅनसाठीची ठेवली. तेव्हा फॉर्मवर मॅक्रोसायक्लिक लिहिलंय हे चांगलंच आहे. आईंना किडनीचा त्रास असेल किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर मात्र आधीच सांगा, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

प्रश्न: पालक कुकरला लावला की खाकी का होतो? सोडा घातला तर चालेल का?
– एक गृहिणी, दादर

उत्तर: गंमत म्हणजे हीही रिंगचीच भानगड. क्लोरोफिलमध्ये 4 नायट्रोजनवाली रिंग आणि मधोमध मॅग्नेशियम. रक्तातल्या हीमची रिंग याच घराण्यातली, तिथे मॅग्नेशियमऐवजी लोखंड. पण नुसती रिंग असून भागत नाही, धातू कुठला तेही बघावं लागतं. मॅग्नेशियम आंबटाला लगेच दबतो. पानं शिजताना त्यांच्यातलीच आम्लं सुटतात, झाकण बंद म्हणून कोंडून राहतात, मग मॅग्नेशियम बाहेर आणि त्या जागी हायड्रोजन, की आला खाकी रंग. त्याच रिंगमध्ये तांबं घातलं तर ते आंबटालाही सहज हलत नाही, म्हणूनच तांबंवाला क्लोरोफिलचा रंग खाण्याच्या रंगांत वापरतात.

सोड्याने हिरवं राहील, पण भाजीचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वंही जातात, मी तरी घालत नाही. उघड्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं, लगेच गार पाण्यात. लिंबू पिळायचंच असेल तर गॅस बंद करून अगदी वाढताना.