लेकीच्या लग्नासाठी चादरी-गोधड्या साठवताना

ताई, लेकीच्या लग्नासाठी चादरी, अभ्रे आणि गोधड्या आतापासून जमवायला घेतल्यात, हे फार चांगले केलेत. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवा सुती कपडा खळीसकट पेटीत ठेवू नका, कारण खळीच्या मोहाने कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, येते आणि कपड्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा विरळ करून टाकते. खळ निघेपर्यंत धुवा, उन्हात वाळवा आणि घडी घालण्यापूर्वी काठाची जाड दुमड गालाला लावून पाहा. मधला कपडा सुकला तरी ओल तिथेच रेंगाळते.

प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, त्यांत दमट हवा कोंडून बुरशी येते. त्यापेक्षा धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा आणि वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा. डांबराच्या गोळ्या वापरल्याच, तर त्या कपड्याला टेकू देऊ नका. पावसाळा सरला की सगळे बाहेर काढून ऊन द्या आणि घडी नव्या ठिकाणी मोडा, नाहीतर जुन्या रेषेवर कपडा विरतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पलंगाचे माप ठाऊक नसताना डझनभर पलंगपोस घेणे. आधी सोलापुरी चादरी, टॉवेल आणि आजीच्या मऊ नऊवारीची एक गोधडी, एवढेच जमवा. ती गोधडी शिवायला घेताना लेकीलाही जवळ बसवा, चार टाके तिचेही पडू द्या. रेशमी आणि जरीच्या कपड्यांची निगा वेगळी असते, ती इतक्यात नको.