दोन डुकरं, दहा कोंबड्या: रोजचा दिवस कसा जातो

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, दिवसभराची नोकरी आहे, घरच्यापुरती दोन डुकरं आणि दहा कोंबड्या पाळायच्या आहेत, तर रोज किती वेळ जाईल? दोघांना एकाच गोठ्यात ठेवलं तर चालेल का? आणि दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं तर काय करायचं? मी दोन्ही जनावरं बरीच वर्षं पाळते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मधला प्रश्न आधी घेते, कारण गोठा एकदा बांधून झाला की तो बदलणं फार जड जातं. एकत्र ठेवू नका. डुक्कर मिळेल ते खातं. कोंबडीचं पिल्लू, आजारी पडून कोपऱ्यात बसलेली कोंबडी, जमिनीवर घातलेलं अंडं, त्याला सगळं सारखंच. आणि एकदा चव कळली की ते मुद्दाम टपून बसतं. पण याहून मोठं कारण रोगांचं आहे. कोंबड्यांच्या शिटेतून पक्ष्यांचा क्षयरोग डुकरांना लागतो. एरिसिपेलस नावाच्या तापाच्या रोगाचे जंतू डुकरांनाही धरतात आणि कोंबड्यांनाही. शिवाय पक्ष्यांचा फ्लू आणि माणसांचा फ्लू, दोन्ही डुकराला होऊ शकतात. दोन्ही एकाच वेळी झाले तर त्यांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होण्याचा धोका असतो. म्हणून खुराडं चढाच्या बाजूला आणि डुकरांचा गोठा उताराला ठेवा, म्हणजे डुकरांकडचं घाण पाणी कोंबड्यांच्या अंगणात वाहत येणार नाही. दोन्हींकडे वेगळे बूट आणि वेगळी फावडी ठेवा. खर्च थोडा आहे, पण यात मी कधीच काटकसर करत नाही.

खाद्यही वेगळंच हवं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. डुकराला एक टक्काही पुरतं. जास्तीचं कॅल्शियम पोटात गेलं की त्याच्या अंगात जस्त नीट मुरत नाही आणि कातडी जाड होऊन भेगाळते. कोंबड्यांच्या लहान पिल्लांनाही हे खाद्य देऊ नका, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

आता रोजचा दिवस. मला सकाळी पाऊण तास लागतो, संध्याकाळी अर्धा तास, आणि आठवड्यातून एकदा साफसफाईला दोन-अडीच तास. नोकरी सांभाळून हे जमतं. पण त्या सकाळच्या पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं कशालाही हात न लावता नुसतं उभं राहून बघण्यासाठी ठेवा. घाई असेल त्या दिवशी झाडणं राहू द्या, ही दहा मिनिटं सोडू नका. जनावर आजारी आहे हे ते आपल्याला सांगत नाही, आणि कोंबडी तर आजार शेवटपर्यंत लपवते. ती शेपूट खाली पाडून, मान आखडून, पिसं फुगवून बसलेली तुमच्या नजरेला पडते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खुराड्याचं दार उघडलं की कोण आधी बाहेर येतं आणि कोण मागे रेंगाळतं ते बघायचं. दहा कोंबड्यांचा क्रम आठवड्याभरात पाठ होतो, आणि तो मोडला की लगेच कळतं. मग कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्याखालची शीट बघायची. घट्ट, आणि वर पांढरी टोपी असलेली शीट चांगली. मधूनमधून एखादी चिकट, तपकिरी, उग्र वासाची पडते, तीही नेहमीचीच. नवीन माणसं ती पाहून घाबरतात. खरी काळजी रक्ताची. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं की ती बहुतेक कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यातल्या परजीवींची, हगवण असते. औषधाला उशीर करायचा नाही, आणि खाली अंथरलेली तुसाची गादी त्याच दिवशी कोरडी करायची, कारण ओल्या गादीतच तो रोग वाढतो.

डुकरांचं उलट. बादलीचा आवाज आला की ती ओरडून आसमंत डोक्यावर घेतात, त्यामुळे जे ओरडत नाही तेच आजारी. एकदा एक नर गव्हाणीपाशी आला, खाद्य हुंगलं आणि परत जाऊन पडला. दिसायला अंगावर काहीच नव्हतं. मी पाठीवरून तळहात फिरवला, तर कातडीखाली चौकोनी उंचवटे लागले. कडा अगदी स्पष्ट, जणू कोणी जाड कागदाचे तुकडे आत सरकवलेत. दोन तासांनी तेच चट्टे लाल होऊन वर दिसायला लागले, शंकरपाळ्याच्या आकाराचे. ताप साडेएक्केचाळीस अंश सेल्सिअस, डुकराचं नेहमीचं तापमान एकोणचाळीसच्या आसपास असतं. एरिसिपेलसच होता. डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं आणि दुसऱ्या दिवशी तो खायला उठला. या रोगाची लस असते, ती टोचून घ्याच. थर्मामीटरही घरात हवाच, त्याला दोरी बांधून ठेवा, म्हणजे गुदद्वारातून ताप बघताना तो आत निसटणार नाही.

पाण्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण यात मी एक डुक्कर गमावलं आहे. डुकरांना मी निपलने पाणी देते. त्यांनी दाबलं की पाणी येतं, सांडलवंड कमी होते. एका शनिवारी नळीतला गाळ येऊन निपल बंद पडला आणि माझ्या लक्षात आलं नाही. कोरडं खाद्य चालूच होतं. सोमवारी सकाळी पाहते तर एक मादी भिंतीला डोकं लावून उभी, दुसरी गोल गोल फिरतेय. पाणी नाही हे कळल्यावर मी घाईने दोघींपुढे पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं. तीच माझी चूक. पाणी न मिळाल्याने खाद्यातलं मीठ रक्तात आणि मेंदूत साठलेलं असतं. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पोटात गेलं की ते मेंदूकडे धाव घेतं आणि मेंदूला सूज येते. जिने जास्त प्यायलं ती तासाभरात झटके देत गेली. दुसरी वाचली. असं झालं तर थोडं थोडं पाणी, दर काही मिनिटांनी द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

तेव्हापासून मी रोज सकाळी प्रत्येक निपल अंगठ्याने दाबून बघते, आणि आठवड्यातून एकदा त्याखाली लिटरची बाटली धरते. वाढत्या डुकरासाठी ती मिनिटभरात भरली पाहिजे. उन्हाळ्यात मोठं डुक्कर दिवसाला दहा लिटर सहज पितं, पिल्लं पाजणारी मादी त्याच्या दुप्पट. कोंबडीला पाव लिटर पुरतं, पण उकाड्यात तेही वाढतं. कोंबड्यांचं भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीवर टांगा, नाहीतर तासाभरात त्यात माती, तूस आणि शीट पडलेली असते.

उकाड्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. ते चिखलात लोळतं ते अंग थंड ठेवायला. नुसतं पाणी मारलं तर ते चटकन सुकतं, चिखलाचा थर बराच वेळ ओला राहतो आणि गोऱ्या कातडीला उन्हापासूनही वाचवतो. तेव्हा सावली आणि चिखलाचा खड्डा या दोन गोष्टी डुकराच्या हक्काच्या समजा. कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या धापांमधून रक्तातला कार्बन डायॉक्साइड उडून जातो आणि कवच बनवायला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ होतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल.

डुक्कर घाणेरडं असतं हे मला अजिबात मान्य नाही. जागा पुरेशी असेल तर ते झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. आणलं त्याच दिवशी तुम्हाला हवा तो कोपरा पाण्याने ओला करा, त्यात त्याचीच थोडी विष्ठा टाका, आणि समोरच्या टोकाला कोरड्या पेंढ्याची जाड गादी घाला. दोन-तीन दिवसांत त्याला संडास कुठला आणि बिछाना कुठला हे कळतं. वास मारणारा गोठा म्हणजे कमी जागा किंवा ओली जमीन, त्यात जनावराचा दोष नाही. खुराड्याचंही तसंच. सकाळी आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे. वर खिडकी ठेवा, गादी उलटी करा, वरून कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा घाला.

कुंपण डुकराच्या नाकाडाच्या हिशेबाने करा. ते उडी मारून जात नाही, खालून उचकटून जातं. विजेचं कुंपण असेल तर एक तार जमिनीपासून वीतभर उंच आणि दुसरी हात-दीड हातावर. आधी त्यांना छोट्या पक्क्या वाड्यात त्या ताराची सवय लावा. नवखं डुक्कर झटका बसला की मागे जाण्याऐवजी पुढेच घुसतं. एकदा शिकलं की मग इतकं पक्कं शिकतं की तुम्ही तार काढून टाकली तरी त्या रेषेपलीकडे पाऊल टाकत नाही. जागा बदलायची असते तेव्हा मला त्या जुन्या रेषेवरून त्यांना बादलीचं आमिष दाखवत, पाऊल पाऊल न्यावं लागतं. कोंबड्यांसाठी मात्र साधी षटकोनी जाळी भरवशाची धरू नका. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्या जनावराला अडवत नाही. बारीक चौकोनाची वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा. संध्याकाळी दार लावताना कोंबड्या मोजा. दहा म्हणजे दहा.

खरकट्याबद्दल फार जण विचारतात. भाजीची देठं, फळं, पाला खुशाल द्या. मांस असलेलं किंवा मांसाला लागलेलं काहीही डुकरांना देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या तापाचा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो, आणि त्या रोगावर उपचार नाही. अनेक देशांत डुकरांना खरकटं घालण्यावर कायद्यानेच बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हिरवे पडलेले बटाटे आणि कच्चं सोयाबीनही नको.

पिल्लं आणताना दोन आणा, एकटं डुक्कर झुरतं. आठ आठवड्यांची, दूध सुटलेली, धावून येणारी निवडा. दोन्ही माद्या किंवा दोन्ही खच्ची केलेले नर. पहिल्या वर्षी वेतं घ्यायच्या नादी लागू नका. गाभण काळ ११४ दिवसांचा, पण खरी परीक्षा नंतरचे तीन दिवस असते. पिल्लांना ३२ अंशांची ऊब हवी असते, आईला त्याच खोलीत वीसच्या आत बरं वाटतं, आणि ती बसताना पिल्लं अंगाखाली चिरडतात. ते सगळं दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात एकदा बघून मग करा.

कोंबडी खुडूक झाली तर मात्र तिला बसू द्या, यासारखं सोपं काही नाही. २१ दिवस. अंडी रवणीला घालताना सगळी एकाच दिवशी ठेवा. सातव्या रात्री एकेक अंडं विजेरीवर धरून बघा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव धरलाय, नुसतंच स्वच्छ पिवळं दिसलं तर ते काढून टाका. मी हे कितीदा तरी केलंय, पण त्या शिरांच्या मध्ये टिकलीएवढा ठिपका हलताना दिसला की अजूनही अंगावर काटा येतो. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, पिसं झडतात, तेव्हा घाबरू नका. अंडी घालायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. त्या काळात तिला विश्रांती मिळाली तर चांगलंच.

डुकरं कापायला द्यायची असतील तर ते पहिल्या दिवसापासून घरात उघड बोला, विशेषतः मुलांशी. मी लपवलं होतं, आणि मुलीचा विश्वास परत मिळवायला मला वर्ष लागलं.

आता दोन दिवस बाहेर जाण्याबद्दल. कोंबड्यांना जास्तीचं पाणी आणि खाद्य ठेवून एक दिवस निभतो, डुकरांना तेही नाही. सकाळ-संध्याकाळ माणूस हवाच. ज्याच्यावर सोपवणार त्याला आधी चार-पाच दिवस सोबत घ्या. निपल त्याच्या अंगठ्याने दाबायला लावा, कोंबड्या त्याच्याकडून मोजून घ्या. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक पाटी लावा: डॉक्टरांचा नंबर, शेवटच्या लसींच्या तारखा, प्रत्येक डुकराचं वजन. वजनाला काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ केलं की अंदाजे किलो येतात. घेर १.०५ आणि लांबी १.१० असेल तर ८४ किलो. दर महिन्याला जुना आकडा पुसून नवा लिहा, कारण रात्री फोन केला की डॉक्टर सर्वात आधी वजन आणि ताप हेच विचारतात.